पंचविसाचा थर

विजापूर रोडला, जिथं परवापर्यंत ट्रकांची टायरं बदलायचे,
तिथं आता काच आहे.
काचेवर अजून निळ्या प्लास्टिकचा पापुद्रा,
आत दोनशे बत्तीस रॅक आणि सिमेंटचा वास.
एसीचा माणूस पुण्याहून निघालाय म्हणे,
तीन दिवस निघालाच आहे.
एप्रिल. सोलापूर. चव्वेचाळीस.

बारा दिवसांसाठी सव्वीस माणसं आली.
त्यांच्या गळ्यात पिवळी दोरी, माझ्या निळी.
पिवळ्या दोरीला नाव नसतं, आकडा असतो.
वहीच्या मागच्या पानावर मी नावं लिहून घेतली,
कारण "अकरा नंबर, शिडी धरा"
हे माझ्या तोंडून नीट निघेना.

अकरा नंबर अनसूया येमूल.
कुंभारीच्या घरकुलातून दोन रिक्षा बदलून येते.
तीस वर्षं विड्या वळल्या.
टॉवेलची घडी घालताना तिची बोटं दिसत नाहीत,
ओठ तेवढे हलतात, तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू,
आणि पंचवीसवर थांबतात.
नकाशात लिहिलंय, थर बाराचा.
मी सांगते. ती हो म्हणते. पुन्हा पंचवीस.
"मॅडम, हाताला बारा ठाऊक नाही."

सात नंबर इलाही नदाफ ओरडूनच बोलतात.
अशोक चौकाच्या मागं बावीस वर्षं पॉवरलूम;
माग भंगारात गेला, आवाज कानात राहिला.
"पाणी हाय का?" विचारतात
आणि गेटवरचा वॉचमन धावत येतो.

भिवंडीच्या गोडाउनातून खोकी आली.
इलाहीभाईंनी कटर फिरवला, एक टॉवेल काढला,
काठ उलटा केला, नखानं धागा उचलला.
"हे तर आमच्या पलीकडच्या गल्लीतलं. दस्तगीरचा माग.
डावीकडं ताण कमी पडतोय, दहा वर्षं सांगतोय त्याला."
लेबलावर कंपनीचं नाव, खाली इंग्रजीत काहीतरी मऊ.
चारशे किलोमीटर जाऊन, चारशे परत येऊन
टॉवेल चार किलोमीटरवर पोचला होता.
सगळे हसले. मी बारकोड लावला.

जेवणं खोक्यांवर. शेंगाचटणीचा डबा हातोहात फिरतो,
कडक भाकरी मोडली की
कुठंतरी फरशी तडकल्यासारखं वाटतं.
अक्कलकोटचा गुरुसिद्ध, वीस नंबर, आयटीआय झालेला,
उघड्या पुतळ्याच्या खांद्यावर शर्ट टाकून विचारतो,
"मॅडम, ह्याला तरी पर्मनंट केलंय का?"

नवव्या दिवशी साहेब आले.
काचेच्या केबिनमध्ये फोनवर होते, आम्ही बाहेर, शिडीपाशी.
मागांच्या खडखडाटात माणसं ओठ वाचायला शिकतात
हे मला ठाऊक नव्हतं.
इलाहीभाई तिकडं बघत होते. पहिल्यांदाच हळू बोलले,
"उद्याच हिशोब करा म्हणतोय.
उद्घाटनाला पिवळी दोरी दिसायला नको म्हणतोय.
कुणालाच ठेवायचं नाही.
ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

मेल आदल्या रात्रीच आला होता.
मी म्हणाले, "रॅक सरळ आहे का बघा जरा."
तोंड त्यांच्याकडंच होतं माझं.
त्यांनी ते सगळं वाचलं असणार.

जाताना अनसूयाबाईंनी काचेवरचा पापुद्रा सोलला,
वरपासून खालपर्यंत, कुठं न फाटता,
आणि घडी घालून माझ्या हातात दिला.

उद्घाटन. फुगे, पेढे, थंडगार एसी.
रात्री दहाला माल मोजायला बसले.
सातवा रॅक, खालचा कप्पा,
जिथं गिऱ्हाइकाचा हात सहसा जात नाही,
तिथं एक थर, जरा जास्तच उंच.
हातातलं मशीन लाल दिवा दाखवत राहिलं.
मी फरशीवर उकिडवी बसले, बोट काठावर ठेवलं,
ओठ हलवून बघितले.
ओकटी, रेंडू, मूडू.
पुढचे मला येत नाहीत.